शालनबाईची टिटवी

घोडी विकायची की ठेवायची, हे ठरवायला गावची सहा-सात माणसं भिमाजीच्या ओसरीवर जमली होती आणि जिच्या मालकीची घोडी, ती बाई आत चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट सत्तावन्न सालची. मी तेव्हा मोशीच्या शाळेवर मास्तर होतो आणि भिमाजीच्याच पडवीत भाड्यानं राहत होतो, म्हणून बसल्या जागी सगळं कानावर पडत होतं.

आधी घोडीचं सांगतो. आमच्या भागात, म्हणजे मोशी, चाकण, खेडपर्यंत, यात्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत आलीच. चढाची सरळ मातीची वाट असते, तिला घाट म्हणतात. खालून गाडा सुटतो आणि वर निशाणापाशी पोचतो. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. गाड्याला बैलांच्या दोन जोड्या असतात, पण वर हाकणारा माणूस नसतो. बैलांच्या पुढं एक घोडी धावते, तिच्यावर स्वार असतो आणि बैल त्या घोडीच्या मागं सुसाट सुटतात. घोडी सरळ गेली तर बैल सरळ जातात. घोडी कचरली की बैल फाकतात आणि बारी हातची जाते. कौतुक मात्र बैलांचं होतं. गुलाल बैलांच्या अंगावर, फेटा गाड्याच्या मालकाला. घोडीचं नाव निघतं ते गाडा हरल्यावर.

शालनबाईच्या घोडीचं नाव टिटवी. शालनबाई चाकणच्या पलीकडची. तिचा बाप घोड्यांच्या पाठीवर बाजाराचा माल वाहायचा आणि ही लहानपणी पोत्यांच्या मधे बसून चाकणपर्यंत यायची. थोडी मोठी झाल्यावर नुसत्या पाठीवर बसून घोडं नदीवर न्यायची. बाप वारला तेव्हा भावांनी जमिनी वाटून घेतल्या आणि रीत म्हणून बहिणीला विचारलं, तुला काय पाहिजे? लुगडं मागेल असं त्यांना वाटलं होतं. हिनं गोठ्यातलं आईवेगळं झालेलं महिन्याभराचं शिंगरू मागितलं. जगणार नाही म्हणून ते त्यांनी सोडूनच दिलं होतं, त्यामुळं कुणी नाही म्हटलं नाही.

ते शिंगरू तिनं शेळीच्या दुधावर वाढवलं. पहिले पंधरा दिवस ते किंचाळत राहायचं. सासू आक्काबाई वैतागून म्हणाली, "टिटवीवानी वरडतंय नुसतं. घरात अपशकुन." शालनबाईनं तेच नाव ठेवलं. "टिटवी भुईवर अंडी घालती," ती सासूला म्हणाली, "आनि अंगावर बैल आला तरी जागा सोडत न्हाई. चांगलं नाव हाय."

टिटवी चार वर्षांची झाली तेव्हा भिमाजीचा चुलतभाऊ ज्योतीराम तिच्यावर बसायला लागला. ज्योतीराम तिशीतला, अंगानं सडपातळ, बोलायला तिखट. गावातले मोठे गाडामालक मालोजीअण्णा यांच्या बैलांपुढं टिटवी धावायला लागली आणि सलग तीन वर्षं मालोजीअण्णांचा गाडा कुठल्या ना कुठल्या यात्रेत पहिला येत गेला. मग छप्पन साली इंद्रायणीकाठच्या एका घाटात ज्योतीराम भर वेगात घोडीवरून खाली आला. बैल त्याच्या अंगावरून गेले नाहीत, पण गाड्याचं एक चाक मांडीवरून गेलं. हाड वाचलं, तरी दोन महिने तो अंथरुणावर होता. उठल्यावर तो परत घोडीवर बसला आणि गावानं त्याला डोक्यावर घेतलं. पण त्यानंतरच्या चारही बाऱ्या गेल्या. चौथ्या वेळी तर गाडा निशाणापर्यंत पोचलाच नाही, मधेच बैल डाव्या अंगाला फाकले.

तर त्या दिवशी ओसरीवर मालोजीअण्णा म्हणत होते, "भिमाजी, वाईट वाटून घिऊ नको. घोडी संपली. आठ वर्साची झाली, दम ऱ्हायला न्हाई. चिंचवड ठेसनावरचा टांगेवाला भैरू बघाया येतो म्हनलाय. तिचं बी पोट भरंल, तुझ्या दावनीचा भार बी हलका हुईल."

ज्योतीराम खाली मान घालून बसला होता. त्याला कुणीतरी विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, "मन लावून पळत न्हाई आता ती."

भिमाजी गरीब स्वभावाचा माणूस. दोन वर्षांपूर्वी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. रोज सायकलवरून जायचा, शिफ्ट करून यायचा. चार माणसांपुढं त्याला नाही म्हणता यायचं नाही. तो म्हणाला, "बघू. तुमी म्हनता तर..."

तेवढ्यात शालनबाई दारात आली. हाताला पीठ तसंच होतं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सावकाश म्हणाली, "घोडी माझ्या म्हायेरची हाय. इकायची न्हाई."

मालोजीअण्णा रागावले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "नगं इकू. दावनीला बांध, कोंडा घाल. पर घाटात न्हाई आता. माझ्या बैलांचं नाव खराब व्हतंय."

"घाटात पळवायची का न्हाई, ते बी मीच ठरवीन, अण्णा."

बायकांनी असं बोलायची पद्धत नव्हती. माणसं एकेक करून उठली. जाता जाता एक जण भिमाजीला म्हणाला, "घरात कोन मालक हाय ते बघ बाबा."

सगळे गेल्यावर भिमाजी बायकोवर चिडला नाही, हे मला विशेष वाटलं. त्यानं तिला बाजेवर बसवून म्हटलं, "ऐक. इकायची न्हाई तर न्हाई. पर आता तिला बसू दे. शिंगरू घिऊ तिच्यापासनं. हरायची ती, आनि चारचौघांत बोलनी मी खायाची."

"दमली असती तर मी सोताच बसवली असती," शालनबाई म्हणाली. "पाय बघा तिचे. खानं बघा. सकाळी नदीवर सोडली तर वाऱ्यावानी जाती. मंग घाटातच काय हुतं तिला?"

"ते मला काय म्हाईत?"

"मला बी न्हाई. म्हनून तर म्हनते, आत्ता न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो होतो तेव्हा तिनं मला थांबवलं. मला घाटाशी काही देणंघेणं नव्हतं, पण माझ्या मनगटी घड्याळाला सेकंदाचा काटा होता, म्हणून आसपासच्या यात्रांत पंच मला निशाणाजवळ वेळ बघायला बसवायचे. तिनं विचारलं, "मास्तर, तुमचं घड्याळ घोडीला मोजतं का गाड्याला?"

मी म्हटलं, "गाड्याला. गाडा निशाण ओलांडतो तेव्हा मी काटा बघतो."

"मंग घोडी सावकाश पळती हे कुनी मोजलं?"

हरलेल्या चारही बाऱ्या मी पाहिल्या होत्या आणि चारही वेळा माझी नजर गाड्याच्या चाकावर होती.

आठ दिवसांनी शेजारच्या गावची यात्रा होती. मालोजीअण्णांना दुसरी घोडी मिळाली नव्हती, म्हणून शालनबाईच्या सांगण्यावरून भिमाजीनं हातापाया पडून टिटवीला एक बारी मागून घेतली. ही शेवटची, असं अण्णांनी बजावलं. त्या दिवशी शालनबाई यात्रेला आली आणि देवाला नारळ देऊन सरळ घाटाच्या वरच्या टोकाला निशाणापाशी येऊन उभी राहिली. बायका लांब, बैलगाड्यांच्या सावलीला बसायच्या. एका पंचानं तिला सांगितलं, "बाई, तुमी तिकडं बसा."

"तिकडनं दिसत न्हाई," ती म्हणाली, आणि हलली नाही. पंचानं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

मालोजीअण्णांचा गाडा सुटला. टिटवी पुढं झेपावली. त्या दिवशी मीही पहिल्यांदाच चाकाऐवजी घोडीकडे बघितलं. पहिला निम्मा चढ ती जमिनीला पोट लावून आल्यासारखी आली. मग मागून चाकांचा आवाज वाढला, आणि काहीतरी झालं. टिटवीनं मान वर फेकली, तोंड उघडलं, आणि ती तिरकी झाली. बैल तिच्या मागं तिरके झाले. गाडा कडेच्या गर्दीत शिरता शिरता माणसांनी अडवला. लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "टिटवीला टांग्याला जुपा आता."

शालनबाई खाली उतरली, गर्दीतून वाट काढत घोडीपाशी गेली आणि तिची मान धरली. ज्योतीराम उतरून बाजूला झाला होता. घोडीच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून रक्ताची रेघ आली होती. शालनबाईनं लगाम काढला. जिभेवर येतो तिथं त्याला बारीक दाते होते. याला काटेरी लगाम म्हणतात, आडमुठ्या घोड्याला वापरतात. टिटवीला तो कधीच लागला नव्हता. शालनबाईनं तो पदराखाली घेतला आणि ज्योतीरामकडे नुसतं एकदा पाहिलं. मग गळ्यात दोरी घालून घोडी चालवत घरी आणली, तीन कोस. मागून लोक काय काय बोलत होते, त्याला तिनं एकदाही वळून उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ज्योतीरामला गोठ्यात बोलावलं. मला म्हणाली, "मास्तर, तुमी बी थांबा. दीर-भावजयीचं बोलनं हाय, मधी शान्या मानसाला असावं." मी दाराशी थांबलो.

तिनं लगाम त्याच्यापुढं धरला. "भावजी, ह्यो कधीपासनं?"

ज्योतीरामनं आधी आवाज चढवला. घोडी ऐकत नाही, बायकांना घाटातलं काय कळतं, असं बरंच बोलला. ती लगाम तसाच धरून उभी राहिली. शेवटी तो गव्हाणीच्या कडेवर बसला. त्याचा आवाज एकदम वेगळा झाला.

"वैनी, मागनं चाकाचा आवाज आला की माझा हात वढला जातो. मी वढत न्हाई. आपोआप व्हतं. साध्या लगामाला ती जुमानायची न्हाई, फुडंच जायाची. वाटायचं आता पडतो. म्हनून ह्यो घातला, निदान माझ्या हातात तरी ऱ्हाईल म्हनून."

"आनि ती वाकडी जायाला लागली."

"व्हय."

"आनि तू म्हनलास, ती मन लावून पळत न्हाई."

ज्योतीरामनं तोंड फिरवलं. शालनबाई त्याच्या शेजारी बसली नाही, पण जवळ गेली. "चाक अंगावरनं गेलेला मानूस भिनारच. त्यात लाज न्हाई. पर तुझं भ्या तू तिच्या तोंडात घातलंस, ते वाईट केलंस."

"गावात सांगू नका," तो म्हणाला. "म्हनत्याल ज्योतीराम भ्याला. मला त्वांड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई."

तिनं घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "न्हाई सांगनार. पर तू आता तिच्यावर बसायचं न्हाई."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "शालनबाई, हे सांगितल्याशिवाय घोडीचं नाव कसं निघणार? लोक तर घोडीच संपली म्हणतात."

"त्याचं नाव घालवून घोडीचं काढू?" ती म्हणाली. "दुसरं कायतरी बघीन."

मला वाटलं, झालं, आता घोडी दावणीला राहणार. भिमाजीलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा बरंच वाटलं. तो म्हणालाही, बरं झालं, कटकट मिटली. पण त्या दिवसापासून शालनबाई पहाटे भाकऱ्या उरकून, उजाडता उजाडता घोडी नदीच्या पलीकडच्या माळावर न्यायला लागली. तोंडातल्या जखमा भरेपर्यंत नुसती चालवायची. नंतर काय करायची ते कुणी पाहिलं नाही, कारण परत येताना ती घोडीच्या शेजारी पायीच असायची. आक्काबाईला मात्र समजलं असावं. म्हातारी एकदा लुगड्याकडे बघून म्हणाली, "घोड्याचा घाम वास मारतोय तुझ्या लुगड्याला. गरम पान्यानं धू."

महिन्याभरानं आमच्या गावची यात्रा झाली. मालोजीअण्णांनी आळंदीकडून दुसरी घोडी आणवली होती. त्यांचा गाडा तिसरा आला. पहिल्या गाड्याला माझ्या घड्याळावर चौदा सेकंद लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर पसाऱ्याची आवराआवर चालली होती, निशाण अजून होतं, अण्णांचा गाडाही तिथंच होता, पाच-पन्नास माणसं होती, आणि मालोजीअण्णा बैलांना मोकळं फिरवायला घेऊन आले होते. तेव्हा शालनबाई टिटवीला घेऊन आली. लगाम साधा होता. भिमाजीनं त्या दिवशी रजा काढली होती. तिनं सांगितलं म्हणून काढली, का ते त्याला ठाऊक नव्हतं.

"अण्णा, एक बारी द्या," ती म्हणाली.

"काल यात्रा झाली, बाई."

"यात्रेतली नगं. अशीच. बक्षीस नगं, गुलाल नगं. तुमची बैलं आनि माझी घोडी."

"आनि वर कोन बसनार? ज्योतीराम?"

"मी."

कुणीतरी हसलं. मालोजीअण्णा हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. "बाईच्या मागं माझी बैलं सोडू? उद्या गाव काय म्हनंल?"

"गाव मागं म्हनलं घोडी संपली. आता आनखी कायतरी म्हनंल. गावाला बोलायला पायजेच."

"पडलीस तर?"

याचं उत्तर भिमाजीनं दिलं. हा माणूस चार लोकांपुढं कधी बोलत नसे. तो पुढं आला आणि मालोजीअण्णांच्या अगदी समोर उभा राहिला. "पडली तर माझी बायकू पडंल, अण्णा. तुमाला कोन बोल लावनार न्हाई. एक बारी द्या."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जुपा."

बैल जुंपायला चार माणसं लागतात. पुढच्या जोडीच्या जुवापाशी सगळ्यांत आधी जो आला तो ज्योतीराम. त्यानं बैल धरले. शालनबाईनं कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला आवळला, आणि भिमाजीच्या हातावर पाय देऊन घोडीवर बसली. तिला तेव्हा अडतिसावं वर्ष असेल. नऊवारीतली बाई घोडीवर बसलेली मी आधी कधी पाहिली नव्हती, आणि तिथल्या कुणीच पाहिली नसावी.

मी निशाणापाशी जाऊन उभा राहिलो. खालून ज्योतीराम ओरडला, "सोडली." मी काटा बघितला आणि मान वर केली.

टिटवी सरळ येत होती. शालनबाई तिच्या मानेवर इतकी वाकली होती की दोघींची डोकी एका रेषेत दिसत होती. हात पुढं सोडलेले, लगाम सैल. मागून बैलांचा आणि चाकांचा आवाज आला, नेहमी जिथं बिघडायचं ती जागा आली, आणि टिटवीनं मान वर फेकली नाही. ती आणखी ताणली. बैल तिच्या शेपटीवर होते. निशाण ओलांडून चाक गेलं तेव्हा तेरा सेकंद झाले होते. मी परत मोजले. तेराच.

वर माळावर घोडी वळवून ती सावकाश परत आली. तिला धाप लागली होती आणि डोक्यावरचा पदर पार उडून गेला होता, तो तिनं आधी घेतला. मालोजीअण्णांनी मला विचारलं, "मास्तर, किती?"

"तेरा," मी म्हटलं.

"आनि काल पयल्याला?"

"चौदा."

अण्णा गाड्याच्या जवळ गेले, बैलांच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मग टिटवीच्या. नंतर शालनबाईला म्हणाले, "खेडच्या यात्रेला घोडी पायजे."

कोणीही हो म्हटलं असतं. ती म्हणाली, "द्यायची का न्हाई ते सांगीन. आधी ऐका. लगाम साधाच लागंल. बसंल तो मी सांगीन तो बसंल, माझ्या म्हायेरचा सोनबा. आनि परत्येक बारीला मी निशाणापाशी उभी ऱ्हानार. कुनी तिकडं बस म्हनलं की घोडी घरी."

"आनि ज्योतीराम?"

"त्यो बैल धरंल. त्याच्यावानी बैल धरनारा कोन हाय?"

ज्योतीराम जुवापाशी उभा होता. त्यानं मान हलवली. गावाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्याच्या मांडीचं दुखणं बरं झालं नाही म्हणून त्यानं घोडी सोडली. ज्याला त्याला तसं सांगायची ती शालनबाईच.

पुढं दोन हंगाम टिटवी धावली. सगळ्या बाऱ्या जिंकल्या असं नाही. तीन हरली. एकदा तर मुसळधार पावसानंतरच्या चिखलात सोनबाच घसरला. पण हरली तरी घोडी संपली असं कुणी शालनबाईच्या तोंडावर म्हटलं नाही. बायका तिच्याविषयी बरंच बोलत. घोड्यावर बसलेली बाई म्हणून तिच्या मुलीचं लग्न अडेल असंही म्हणाल्या. मुलीला सांगवीचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं हाच प्रश्न काढला. शालनबाईनं उत्तर दिलं, "व्हय, बसले व्हते. पडले न्हाई." लग्न झालं.

एकोणसाठ साली चाकणच्या बाजूला मोठी यात्रा झाली. टिटवीच्या मागं मालोजीअण्णांचा गाडा पहिला आला. अण्णांना फेटा बांधला, गुलाल उधळला, लोक घोडीला हात लावायला गर्दी करत होते. दोन आठवड्यांनी त्याहून मोठा घाट होता, पुण्यापासून माणसं येणार होती. अण्णा तिथंच म्हणाले, "शालनबाई, पुढल्या घाटाला आपलं नाव घालतो."

ती घोडीच्या मागच्या पायापाशी उकिडवी बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा तिनं माझा हात धरून घोडीच्या पायावर ठेवला. कातडीच्या आत बारीक थरथर होती, पाणी उकळायला लागतं तशी. घोडी उभी होती, डोळे शांत होते, पण तो पाय थांबत नव्हता.

ती उठली. "न्हाई अण्णा. आता बास."

"अगं, आत्ता तर पयली आली."

"म्हनूनच."

मालोजीअण्णा आधी समजावत होते, मग विनवत होते, शेवटी चिडले. लोक भोवती जमले. "सत्तावन्न साली मी बसव म्हनलो तर ऐकली न्हाईस. आता पळव म्हनतो तर ऐकत न्हाईस. उलटंच वागायचं असं ठरवलंयस का तू?"

"तवा तुमी तिचा पाय बघितला न्हवता," ती म्हणाली. "आत्ता बी बघितला न्हाई. मी बघितलाय."

अण्णा नंतर वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. भिमाजीला वाटेत भेटले तरी मान फिरवायचे. भिमाजी मला म्हणाला, "मास्तर, घोडी पळत हुती तवा बोलनी खाल्ली, बसली तर बी खातोय." पण हे तो हसून म्हणाला.

साठ साली माझी बदली आळंदीला झाली. तरी मोशीला अधूनमधून जाणं व्हायचं. बासष्ट साली बाजाराच्या दिवशी चाकणला गेलो होतो, तर नाशिक रस्त्यावर ही दोघं दिसली. शालनबाई पुढं चालत होती, टिटवी तिच्या मागं, गळ्यात नुसती दोरी, तीही सैल. घोडीच्या पाठीवर काही नव्हतं. तिच्या मागं भिमाजी सायकल ढकलत येत होता. सायकलवर कांद्याची दोन पोती बांधली होती.

मी म्हटलं, "भिमाजी, पोती घोडीवर का नाही टाकली?"

त्यानं घाम पुसला आणि पुढं चाललेल्या बायकोकडे बोट केलं. "त्यांना इचारा," तो म्हणाला. मी विचारलं नाही. शालनबाईनं मला घोडीशेजारून चालायला जागा करून दिली आणि चाकण येईपर्यंत माझ्या नव्या शाळेची चौकशी केली.